दारावरची पाटी आणि पर्समधलं पिस्तूल

ऑस्टिन हे टेक्सास राज्याच्या राजधानीचं गाव. मार्च-एप्रिलमध्ये इथं आलात तर रस्त्याच्या दोन्ही कडांना निळ्या फुलांचे गालिचे अंथरलेले दिसतात. ब्लूबॉनेट म्हणतात त्यांना. लोक वाटेत गाड्या थांबवतात, लेकरांना त्या फुलांत बसवतात आणि फोटो काढतात. उन्हाळा आपल्या विदर्भाची आठवण करून देणारा. माणसं बोलकी, अनोळखी बाईलाही ‘मॅम’ म्हणत दार धरून उभी राहणारी. जेवणात मिरचीला मान, त्यामुळं आपल्या जिभेचे फार हाल होत नाहीत. एकूण काय, लेकीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडं सांभाळायला येणाऱ्या आपल्याकडच्या आयांना हे गाव मानवतं.

पण किराणा दुकानाच्या, दवाखान्याच्या, सिनेमागृहाच्या दारात जरा थबकून पाहा. काचेवर एक लांबलचक पाटी असते. अक्षरं इंचभर उंचीची, मजकूर इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. त्यात कुठं तरी 30.06 नाही तर 30.07 असा आकडा. नव्या माणसाला वाटावं, दुकान उघडण्या-मिटण्याच्या वेळा असतील. ती टेक्सासच्या फौजदारी कायद्याची कलमं आहेत. 30.07 ची पाटी सांगते, कमरेला दिसेल असं पिस्तूल लावून आत येऊ नका. 30.06 ची सांगते, कपड्यांखाली झाकलेलं पिस्तूल घेऊनसुद्धा येऊ नका. काही दारांवर दोन्ही पाट्या, काहींवर एकच. अक्षरांची उंची किती, रंग कसा उठून दिसावा, हेही कायद्यानं ठरवून दिलेलं. दारूच्या गुत्त्यांवर वेगळीच पाटी, तिच्यावर लाल रंगात 51 असा मोठा आकडा. म्हणजे इथली निम्म्याहून जास्त कमाई दारूची, इथं पिस्तूल आणणं गुन्हा.

“अगं, मग जिथं पाटीच नाही तिथं?” मी लेकीला विचारलं.

“तिथं बहुतेक चालतं, आई,” असं म्हणून तिनं ढकलगाडीत कोथिंबिरीची जुडी टाकली.

तिकडे याला ‘ओपन कॅरी’ आणि ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात. एक उघडं बाळगणं, दुसरं झाकून बाळगणं. आपल्याकडे साध्या बाईचा बंदुकीशी संबंध येतो कुठं? बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन स्टुलावर बसलेला रखवालदार, मंत्र्यांच्या मागंपुढं धावणारे पोलीस आणि दसऱ्याची शस्त्रपूजा, एवढाच. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना काढायचा तर सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि निवडणुका आल्या की परवान्याची बंदूकही बहुधा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. कूर्गच्या कोडवा लोकांना तेवढी जुनी सूट आहे; कैलपोढच्या सणाला ते बंदुकांना फुलं वाहतात.

अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क 1791 पासून राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे. तो हक्क कुणाला, कुठं आणि किती, यावर तिथं सतत वाद चालतात. दाखवून की झाकून, हा त्यातलाच एक. (आपण पाहुण्या बायकांनी मात्र त्यात पडायचं कारण नाही. टूरिस्ट व्हिसावर गेलेल्यांना, इतकंच काय एच-वनवर नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांनाही, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तिथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. ग्रीन कार्ड हाती आलं की गोष्ट वेगळी.)

दोन महिन्यांच्या मुक्कामात उघडं पिस्तूल मी तीनदा पाहिलं. त्यातलं एक पेट्रोल पंपाजवळच्या दुकानात. साठीचे गृहस्थ, शर्ट नीट खोचलेला, डोक्यावर टोपी, एका हातात दुधाचा कॅन. कमरेच्या पट्ट्याला एका बाजूला मोबाईलचं पाकीट आणि दुसऱ्या बाजूला चामड्याच्या खोळीत पिस्तूल. माझ्याकडे पाहून हसले, ‘हाउडी’ म्हणाले, सुटे पैसे मोजून घेतले आणि गेले. कुणीही मान वर करून पाहिलं नाही. पाहायचं नाही, हाच तिथला रिवाज. माझी नजर मात्र त्या खोळीवरून हलेना. पुढचं सगळं दुकान मी तिच्याकडे बघतच फिरले असेन, इतकी ती वस्तू आसपासच्या दुसऱ्या सगळ्या वस्तूंना झाकून टाकते.

“ते दिसलं म्हणून तुम्हाला भीती वाटली, आई,” जावई गाडीत म्हणाले. “न दिसलेली किती होती, ते कुणाला ठाऊक?”

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि त्या दिवसापासून मी हा विषय खणायला घेतला. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात तिकडची नीती अगदी उलट होती. झाकून शस्त्र नेण्याविरुद्धचे पहिले कायदे 1813 मध्ये केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी केले. समज असा की सरळ माणूस शस्त्र चारचौघांत दाखवून बाळगतो. कोटाखाली लपवतो तो दगा करणार. लपवणं भ्याडपणाचं, दाखवणं मर्दपणाचं. प्रतापगडच्या पायथ्याची वाघनखं ठाऊक असलेल्या आपल्याला हे जरा भाबडंच वाटेल! समोर कोण उभा आहे त्यावर झाकावं की नाही हे ठरतं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं.

आणि टेक्सासचं तर आणखी नवल. सिनेमामुळं आपल्या डोळ्यांपुढं चित्र असतं ते घोड्यावरच्या काउबॉयचं, कमरेला दोन-दोन पिस्तुलं. प्रत्यक्षात 1871 मध्ये टेक्सासनंच कायदा केला की साध्या माणसानं पिस्तूल घेऊन रस्त्यावर हिंडायचं नाही, उघडं नाही आणि झाकलेलंही नाही. 1876 च्या त्यांच्या राज्यघटनेत शस्त्र ठेवण्याचा हक्क आहे, पण त्याच कलमात असंही आहे की गुन्हे रोखण्यासाठी शस्त्र अंगावर बाळगण्यावर विधिमंडळाला बंधनं घालता येतील. ती बंदी जवळजवळ सव्वाशे वर्षं टिकली. प्रवाशाला तेवढी सूट होती, पण प्रवासी म्हणजे कोण याची व्याख्या कायद्यात नव्हती, त्यामुळं ‘मी प्रवासाला निघालो होतो’ हे कोर्टात सांगायचं ठरलेलं कारण होऊन बसलं. लांब नळीच्या बंदुकीवर मात्र ही बंदी नव्हती. रायफल खांद्याला लावून बाजारात जा, कुणी अडवणार नाही. पिस्तूल खिशात ठेवाल तर गुन्हा. असा हा कायदा!

राजधानीत आलो तर विधानभवन पाहायलाच हवं. गुलाबीसर ग्रॅनाइटची ही इमारत 1888 ची, वॉशिंग्टनच्या संसद भवनापेक्षाही थोडी उंच, आणि हे टेक्सासची माणसं तुम्हाला सांगितल्यावाचून राहत नाहीत. दारात सामान तपासायची रांग असते. तिच्याशेजारी दुसरी एक छोटी रांग, पिस्तुलाचा परवाना असलेल्यांची. त्यांनी कार्ड दाखवायचं आणि पिस्तुलासकट आत जायचं. धातू ओळखणाऱ्या यंत्रातून जायची गरज नाही. माझ्या पर्समधली अडकित्त्याची जोडी मात्र दोनदा उलटसुलट करून पाहिली गेली. 2010 मध्ये ही यंत्रं बसली तेव्हा नेहमी ये-जा करणाऱ्या काहींनी केवळ रांग चुकवायला परवाने काढले, अशी गोष्ट तिथं हसत सांगतात.

आत घुमटाखाली भिंतींवर सगळ्या गव्हर्नरांची चित्रं ओळीनं लावलेली आहेत. त्यात बायका दोनच. त्यातल्या एक ॲन रिचर्ड्स, पांढऱ्याशुभ्र केसांचा उंच अंबाडा फुगवलेल्या. जिभेनं फार तिखट. झाकून पिस्तूल बाळगायला परवानगी द्यावी का, यावर लोकांचं मत घेण्याचं विधेयक 1993 मध्ये त्यांच्यापुढं आलं आणि त्यांनी ते नामंजूर केलं. बायकांनाही स्वसंरक्षणाला पर्समध्ये पिस्तूल हवंय, असं कुणी म्हणालं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं होतं, त्याचा आशय असा: ज्या राज्यात एका बाईला आपल्या पर्समध्ये लिपस्टिक वेळेवर सापडत नाही, तिथं तिला पिस्तूल काय सापडणार! सभेत हशा झाला असेल. पण 1994 च्या निवडणुकीत बाई हरल्या. हरवणारे जॉर्ज बुश, पुढं अध्यक्ष झाले ते. त्यांनी 1995 मध्ये कायद्यावर सही केली आणि 1 जानेवारी 1996 पासून वर्ग, परीक्षा, नेमबाजीची चाचणी आणि बोटांचे ठसे देऊन परवाना घेणाऱ्याला झाकलेलं पिस्तूल बाळगता येऊ लागलं.

या बदलामागं एका बाईचं दुःख होतं, आणि ते ऐकल्याशिवाय त्या कायद्याला नावं ठेवणं मला योग्य वाटत नाही. ऑस्टिनपासून उत्तरेला तासा-सव्वा तासाच्या वाटेवर किलीन नावाचं लष्करी छावणीचं गाव आहे. 16 ऑक्टोबर 1991 ला तिथल्या एका मोठ्या उपाहारगृहात भर दुपारी एका माणसानं आपली गाडी काचेतून आत घातली आणि जेवणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. 23 माणसं गेली. सुझाना हप ही कायरोप्रॅक्टर आई-वडिलांबरोबर तिथं जेवत होती. तिच्याकडे स्वतःचं रिव्हॉल्व्हर होतं, पण पर्समध्ये नेणं बेकायदा, सापडलं तर आपला व्यवसायाचा परवाना जाईल, म्हणून ते तिनं बाहेर गाडीत ठेवलेलं. वडील हल्लेखोराच्या अंगावर धावून गेले, त्यांना गोळी लागली. ही आईला ‘चल’ म्हणत फुटलेल्या खिडकीतून बाहेर पडली. आई मागं आलीच नाही. ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिथंच तिलाही मारलं.

सुझानाबाई पुढं गावोगावच्या विधिमंडळांपुढं हे सांगत फिरल्या, 1996 मध्ये स्वतः टेक्सासच्या विधिमंडळात निवडून आल्या. त्या दिवशी रिव्हॉल्व्हर पर्समध्ये असतं तर काय झालं असतं हे कुणी सांगू शकत नाही. पण ‘असतं तर’ हा प्रश्न घेऊन आयुष्यभर जगायचं म्हणजे काय, ते कुठल्याही लेकीला समजेल.

झाकलेल्याला परवानगी मिळाली. पंधरा-वीस वर्षांनी दुसरी मंडळी म्हणू लागली, झाकायचं कशाला? उघडंही हवं. हे बहुतेक पुरुष. पिस्तूल उघडं नेता येत नाही ना, मग नेता येते ती रायफल घेऊन ते दुकानांत, हॉटेलांत, बर्गरच्या रांगेत उभे राहू लागले. पोरांचा हात धरून खाऊ घ्यायला आलेल्या आया पुढं, मागं छातीवर रायफल आडवी लटकवलेला गडी. 2014 मध्ये बंदूकवाल्यांच्या सर्वांत मोठ्या संघटनेच्या, एन.आर.ए.च्या, संकेतस्थळावरच ‘हे काही बरं दिसत नाही’ अशा अर्थाचं लिहिलं गेलं. मग गडी चिडले, आणि संघटनेनं ते शब्द मागं घेतले.

त्यांना खरं उत्तर दिलं ते आयांनी. 2012 च्या डिसेंबरात कनेटिकट राज्यातल्या सँडी हूक शाळेत 20 चिमुरडी आणि 6 मोठी माणसं मारली गेली. दुसऱ्या दिवशी इंडियाना राज्यातल्या शॅनन वॉट्स या पाच मुलांच्या आईनं घरातून, स्वयंपाकघराच्या टेबलावरून म्हटलं तरी चालेल, फेसबुकवर आयांचा गट सुरू केला. ‘मॉम्स डिमांड ॲक्शन’ हे त्याचं नाव. त्यांनी काय केलं? रायफलवाल्यांचे दुकानातले फोटो जमवले आणि दुकानांच्या मालकांपुढं ठेवले. म्हणाल्या, आम्ही ज्या घरखर्चावर तुमचं दुकान चालतं त्या घरच्या आहोत. हे तुम्हाला चालत असेल तर आम्ही दुसरीकडे जाऊ. 2013 मध्ये स्टारबक्सनं, 2014 मध्ये टार्गेटनं गिऱ्हाइकांना बंदुका आणू नका अशी विनंती केली. महिन्याच्या यादीची ताकद किती असते, हे आपण उगाच विसरतो.

त्या बायकांना हे सुखासुखी करता आलं नाही. 2013 च्या नोव्हेंबरात डॅलसजवळच्या आर्लिंग्टनला त्यांच्यापैकी चौघीजणी एका हॉटेलात बैठकीला बसल्या असताना बाहेर गाड्यांच्या आवारात सुमारे 40 माणसं जमली, बहुतेकांजवळ रायफली. आम्ही फक्त एकत्र फोटो काढायला आलो होतो, असं त्यांचं म्हणणं. कायद्यानं त्यात गुन्हा नव्हता. आतल्या चौघींनी काचेतून बाहेर पाहिलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? उघड्या शस्त्राची भाषा हीच तर आहे. एक शब्दही न बोलता ते बोलतं.

तरी 1 जानेवारी 2016 पासून परवाना असलेल्यांना टेक्सासमध्ये पिस्तूल उघडं लावायला मुभा मिळाली. आपल्या पाट्यांपैकी 30.07 ची पाटी जन्मली ती तेव्हा. एच-ई-बी ही टेक्सासची घराघरांतली किराणा दुकानं. त्यांनी उघडं नको म्हणून पाटी लावली, झाकलेल्याबद्दल काही म्हटलं नाही. मला हे मोठं मार्मिक वाटलं. दोनशे वर्षांपूर्वी लपवणारा तो लबाड होता. आता दाखवणारा तो असभ्य. पिस्तूल तेच. गिऱ्हाइकांनी घाबरून पळू नये एवढ्यापुरती काळजी घेतली गेली. 1 सप्टेंबर 2021 पासून तर परवान्याचीही अट गेली. 21 वर्षांवरच्या, कायद्यानं मनाई नसलेल्या माणसानं पिस्तूल कोटाखाली ठेवावं नाही तर खोळीत घालून कमरेला लावावं, वर्गही नको आणि परीक्षाही नको. विनापरवाना बाळगू देणारी अशी राज्यं 2024 पर्यंत 29 झाली होती. उलट इलिनॉय, न्यूयॉर्क अशा राज्यांत उघडं चालत नाही, परवान्यानं झाकूनच न्यायचं.

उघडं असलं म्हणजे निदान कळतं तरी, असं म्हणणारे भेटतात. मलाही आधी तसंच वाटायचं. पण डॅलसला 7 जुलै 2016 च्या रात्री काय झालं ते जावयांनी सांगितलं. पोलिसांच्या गोळीबाराविरुद्ध मोर्चा निघाला होता. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे काही मोर्चेकरी खांद्याला रायफली लावून आले होते. अचानक एका माणसानं पोलिसांवर गोळ्या झाडायला सुरुवात केली आणि पाच पोलीस मेले. त्या पळापळीत रायफलवाले सगळेच पळाले. पोलिसांनी एका काळ्या माणसाचा फोटो ‘संशयित’ म्हणून जगभर प्रसिद्ध केला. तो बिचारा निर्दोष; फोटो पाहिल्याबरोबर त्यानं आपली रायफल स्वतःहून पोलिसांच्या हाती दिली होती. गोळ्या सुटायला लागल्यावर भला कोण आणि बुरा कोण हे ओळखायचं कसं, असं पोलीसप्रमुखांनीच नंतर विचारलं.

आणि तो मोर्चा कशासाठी होता? आदल्याच दिवशी मिनेसोटा राज्यात शाळेच्या भोजनगृहात काम करणाऱ्या एका काळ्या माणसाची गाडी पोलिसानं अडवली. त्याच्याजवळ झाकलेलं पिस्तूल होतं, परवानाही होता. ‘माझ्याजवळ पिस्तूल आहे’ असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, आणि पोलिसानं गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर त्याच्या मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी बसलेली. पोलीस पुढं कोर्टात निर्दोष सुटला. म्हणजे हक्क कागदावर सगळ्यांचा एकच. पण उघडं असो की झाकलेलं, ते कुणाच्या अंगावर आहे, हे आधी पाहिलं जातं. 1967 मध्ये कॅलिफोर्नियात काळे तरुण उघड्या बंदुका घेऊन विधानभवनात गेले, तेव्हा भरलेल्या बंदुका रस्त्यात नेण्यावर बंदी घालणारा कायदा त्याच उन्हाळ्यात झाला. जावई गाडी चालवतात तेव्हा पोलिसानं थांबवलंच तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिसतील असे ठेवतात. पाहुण्यांनाही तेच बजावतात.

आता पर्सबद्दल. लेकीच्या घराशेजारी एक विधवा बाई राहतात, सत्तरीच्या, निवृत्त परिचारिका. गोधड्या फार सुरेख शिवतात. माझ्या वाकळेचा टाका त्यांनी शिकून घेतला आणि त्यांचा तारेच्या नक्षीचा मी. दर गुरुवारी आमची बैठक. एकदा मी धीर करून विचारलं. त्यांनी काही न बोलता मांडीवरची पर्स फिरवली. बाजूला एक वेगळा कप्पा, त्याला स्वतंत्र चेन. “इथं असतं,” म्हणाल्या. बहीण शंभर मैलांवरच्या शेतावर राहते, तिच्याकडे रात्री-अपरात्री एकटीनं गाडी हाकत जावं लागतं, वाटेत मैलोगणती घर नाही. “पोलीस येईपर्यंत अर्धा तास. तो अर्धा तास माझा मलाच काढायचा आहे.”

“मग कमरेला का लावत नाही?”

“छे! दाखवलं तर वाईट माणूस आधी मलाच गाठेल. आणि मिरवायचं काय त्यात? ते पुरुषांचं.”

बाई नेटक्या, शांत. त्यांचं बोलणं मला पटलं, हे सांगायलाच हवं. मात्र त्या चहा करायला उठल्या तरी पर्स खांद्यावरून काढत नव्हत्या, हेही माझ्या लक्षात आलं. मी विचारण्याआधीच त्यांनी कारण सांगितलं. 30 डिसेंबर 2014 ला आयडाहो राज्यातल्या हेडन गावी वॉलमार्टमध्ये 29 वर्षांची एक आई खरेदी करत होती. अणुसंशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करणारी शिकलेली मुलगी, पिस्तुलाचा रीतसर परवाना असलेली. बरोबर चार मुलं. ढकलगाडीत तिचा दोन वर्षांचा मुलगा आणि शेजारी तिची पर्स, पिस्तुलासाठी मुद्दाम चेनचा कप्पा केलेली, नवऱ्यानं नाताळात भेट दिलेली. मुलानं चेन उघडली. आई जागीच गेली.

आपल्या पर्समध्ये पोरं काय शोधतात ते आपल्याला माहीत आहे. बडीशेप, पेपरमिंट, किल्ल्यांचा जुडगा. दोन वर्षांच्या मुलाला चेन उघडायला किती वेळ लागतो, तेही आपल्याला माहीत आहे. म्हणून बायकांना शिकवणारे बरेच जण हल्ली सांगतात की पिस्तूल बाळगायचंच तर ते अंगावर बाळगा, पर्समध्ये नको. पर्स आपण खुर्चीला टांगतो, गाडीत विसरतो, कुणीही हिसकावतो. उघडं की झाकलेलं यावर पुरुषांची भाषणं ऐकावीत तेवढी थोडी. पण ती सगळी रस्त्यावरच्या अनोळखी माणसाबद्दल. घरात शिरल्यावर ते पिस्तूल कुठं ठेवता, हे कुणी विचारत नाही. उशीखाली? साड्यांच्या घडीखाली ठेवावं तसं कपाटात? टेक्सासमध्ये 1995 पासूनच कायदा आहे की मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा गुन्हा. पण तो कायदा बहुधा आठवतो तो काही घडून गेल्यावर.

आता कुणी म्हणेल, हे सगळं आपल्याला काय करायचंय? डॅलस भागात आपली माणसं आता हजारांनी आहेत. 6 मे 2023 ला तिथल्या ॲलन गावच्या बाजारात गोळीबारात आठजण गेले, त्यात तेलंगणातून आलेली एक तरुण इंजिनियर मुलगी होती. आपल्या पोरी शनिवारी जिथं स्वस्तात कपडे घ्यायला जातात, तोच हा बाजार. आणि बाजाराचं सोडा. आपली नातवंडं शाळेतल्या मित्रांच्या घरी खेळायला जातात, रात्री राहतात. त्या घरातलं झाकलेलं आपल्याला दिसत नाही.

तिकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांना सांगते, विचारा. तशी एक मोहीमच 2000 पासून आहे. मुलाला दुसऱ्याच्या घरी धाडण्याआधी विचारायचं की तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि असली तर कुलपात आहे का. ऐकायला सोपं. पण कुणाच्या घरी जेवायला बोलावलंय आणि आपण विचारायचं, ‘तुमच्याकडे ढेकूण आहेत का हो?’ तसंच हे. लेकीनं त्यावर एक युक्ती काढली आहे. हा प्रश्न ती एकटा विचारतच नाही. आधी सांगते की आमच्या पोराला शेंगदाणे चालत नाहीत. मग विचारते, घरी कुत्रा आहे का, पोहण्याचा हौद आहे का, त्याला कुंपण आहे का. आणि त्याच सुरात, श्वास न घेता, बंदूक आहे का, कुठं ठेवता. म्हणजे समोरच्या बाईला वाटत नाही की आपल्यावर आळ आला. या प्रश्नावर कुणी रागावलं तर त्या घरी पाठवायचं नाही, एवढा नियम तिनं स्वतःपुरता केलाय. आजवर एकच बाई रागावली. बहुतेकजणी उलट हुश्श करतात, कारण त्यांनाही विचारायचंच असतं.

मी तिथं असताना नातवाला वाढदिवसाचं बोलावणं आलं, रात्री तिथंच राहायचं. लेकीनं फोन लावला. शेंगदाणे झाले, कुत्रा झाला, हौद झाला. मग तो प्रश्न. मी हातातली पोळी तव्यावर तशीच सोडून ऐकत होते. पलीकडून त्या मुलाच्या आईचा मोकळा आवाज आला. दोन आहेत, नवऱ्याची शिकारीची आणि माझं छोटं पिस्तूल. दोन्ही लोखंडी कपाटात, गोळ्या वेगळ्या, आकडा फक्त आम्हा दोघांना माहीत. “बरं झालं विचारलंत. आणि तुमच्याकडे?”

“आमच्याकडे नाही,” लेक म्हणाली. “आमच्याकडे सासूबाईंची मोठी विळी आहे, ती वरच्या फळीवर.”

विळी म्हणजे काय हे त्या बाईला समजावून सांगण्यात आणखी दहा मिनिटं गेली. पोळी जळाली. संध्याकाळी नातू पाठीला दप्तर लावून, पांघरूण काखेत मारून गेला.